मागच्या चाकांची एकजूट

गेल्या वर्षी मे महिन्यात मढच्या रेतीत माझी जी शोभा झाली, तिच्यानंतर मी जीपला लॉकर बसवायचं ठरवलं. लॉकर म्हणजे डिफरन्शियल लॉकर. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ज्या ज्या माणसाला हे सांगायचं मी विसरलो, त्याने पुढे मला फार छळलं.

शोभा झाली ती अशी. माझी बायको नमिता मढच्या कोळीवाड्यातली. तिथे पावसाळ्याआधी मासेमारी बंद होते, तेव्हा सगळे आपापल्या होड्या पाण्यातून ओढून वर रेतीत आणून ठेवतात. पूर्वी एका होडीला तीस-पस्तीस माणसं लागायची, आणि ती मिळायचीही. आता वाड्यातली निम्मी पोरं एअरपोर्टवर नाहीतर मालाडच्या मॉलमध्ये नोकरीला. भाड्याचा ट्रॅक्टर साऱ्या किनाऱ्याला एकच, त्याचा नंबर लागेपर्यंत पाऊस येऊन जातो. गेल्या साली माझे सासरे अनंता यांच्या होडीला अकरा माणसं होती. त्यांतली चार साठीच्या पुढची, आणि एक मी.

मी म्हटलं, माणसं हवीत कशाला, माझी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आहे ना. जीप सेकंडहँड आहे, पण दिसायला अशी की जोगेश्वरीच्या रस्त्यात रिक्षावाले आपणहून बाजूला होतात. दोर बांधला, गिअर टाकला, अ‍ॅक्सिलेटर दाबला. मागचं डावं चाक जोरात फिरायला लागलं, उजवं आहे तिथेच उभं राहिलं, आणि दोन मिनिटांत जीप डाव्या कुशीवर कलंडून रेतीत बसली. मग त्या अकरा माणसांनी आधी जीप ओढली आणि नंतर होडी. जीप जास्त जड निघाली असं सर्वांचं मत पडलं.

सासरे मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "औंदा दोन होऱ्या ओरल्या."

यावर वाड्यात चार दिवस लोक हसत होते. ते मी सहन केलं असतं. पण जेवताना सासऱ्यांनी आणखी एक वाक्य उच्चारलं. त्यांची कंबर आता साथ देत नव्हती. "पुढल्या साली मानसं नाय मिलली तं होरी इकून टाकू." नमिताने ताटातून मान वर केली नाही. घरी येईपर्यंत ती गाडीत एक अक्षर बोलली नाही, आणि नमिता मढ ते जोगेश्वरी गप्प बसते म्हणजे काय, हे बावीस वर्षं संसार केलेला नवराच जाणू शकतो.

तर पैसे साठवून या वर्षी मार्चमध्ये मी कुर्ल्याला गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमागच्या गल्लीत हर्षदचं गॅरेज आहे. हर्षद मेकॅनिक कमी आणि वैद्य जास्त. गाडी आली की तो आधी तिची विचारपूस करतो.

"काय होतंय?"

"एकच चाक फिरतं. दुसरं बघत बसतं."

"कुठलं फिरतं?"

"जे पोकळ रेतीत असेल ते."

"मग गाडी ठणठणीत आहे," हर्षद म्हणाला, आणि त्याने हात पुसले.

मग त्याने मला समजावून सांगितलं. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. पण त्याची एक खोड आहे. ज्या चाकाला काहीच जोर लागत नाही, त्यालाच ते गरगरा फिरवत बसतं. जे घट्ट टेकलेलं आहे, जे खरोखर ओढू शकतं, ते तसंच उभं. मी पार्ल्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं असिस्टंट आहे. हे तत्त्व मला नवीन नव्हतं. फक्त ते गाडीतही असतं हे माहीत नव्हतं.

"लॉकर बसवला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात," हर्षद म्हणाला. "एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं."

हे मी घरी येऊन नमिताला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे लग्न," ती म्हणाली.

"तसं नाही. सरळ जाताना काही प्रश्न नसतो. वळताना मात्र दोघंही अडतात."

"म्हणजे लग्नच." तिने जुडी खाली ठेवली. "सुबोध, तू हा लॉकर गाडीला बसवतोयस की अब्रूला?"

मी म्हटलं, दोन्ही एकाच चासीवर आहेत. हे वाक्य मला त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं.

आता प्रश्न निवडीचा. हर्षदने तीन प्रकार सांगितले होते. पहिला, सरळ वेल्डिंग मारून टाकायचं. चाकं कायमची बांधली, विषय संपला. पण मग रस्त्यावर वळायचं नाही. दुसरा ऑटोमॅटिक. बटण नाही, काही नाही, तो आपला आपण ठरवतो कधी बांधायचं आणि कधी सोडायचं. तिसरा हवेचा. गाडीत छोटा कॉम्प्रेसर बसतो, बटण दाबलं की हवेच्या दाबाने लॉक लागतो, पुन्हा दाबलं की सुटतो. "साहेब, तुम्ही ठरवा," हर्षद म्हणाला होता, "पण ठरवताना कोणाला विचारू नका."

हा सल्ला मी कुर्ला सोडायच्या आत विसरलो.

पहिल्यांदा विचारलं ते वरच्या मजल्यावरच्या परेशभाऊंना. परेशभाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, स्कूटर होती ती त्यांनी विकली, आणि म्हणूनच की काय, वाहनांबद्दल त्यांची मतं निर्मळ आहेत. त्यांनी माझ्याकडून तिन्ही प्रकार समजून घेतले, एका वहीत लिहिले, आणि म्हणाले, "ऑटोमॅटिक घे."

"का?"

"माणसाच्या हातात बटण दिलं की माणूस चुकतो. तीस वर्षं मी हेच बघितलंय."

हे पटण्यासारखं होतं. तरी मन निश्चित होईना. लॅबमध्ये मी तक्ता केला, बाजूला गुण दिले, बेरीज केली. बेरजेत वेल्डिंग पहिलं आलं, तेव्हा तक्ता फाडला. फोनवर एका ऑफ-रोडवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो आणि नम्रपणे विचारलं की कोणता लॉकर चांगला. तिथे दोन तट पडले, रात्रभर भांडण झालं, सकाळी ग्रुप फुटला होता आणि दोन्ही नव्या ग्रुपांत मला घेतलेलं नव्हतं.

त्याच दिवशी मी लिफ्टमध्ये फोनवर परेशभाऊंशी बोलत होतो. बोलणं एवढंच, "लॉकर एकच घेऊ की दोन, ठरत नाहीये. मागचा तर लागेलच. सगळा भार मागेच असतो ना." लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी शर्मिष्ठाताई होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी त्या घरी आल्या. सोबत गुळपोळ्या आणल्या होत्या.

"परब, एवढं सगळं तुम्ही घरात ठेवलं होतं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोसायटीला कळवायला हवं होतं. सुरक्षेच्या दृष्टीने."

"काय ठेवलं होतं?"

"नका सांगू. बरोबर आहे तुमचं. पण एक लॉकर पुरत नाही म्हणजे..." त्यांनी नमिताच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे दोन वाट्यांचं मंगळसूत्र होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. खरे श्रीमंत अंगावर घालत नाहीत, असा तो आदर होता.

मी त्यांना डिफरन्शियल समजावून सांगायला बसलो. दोन वाट्या, एक लाटणं घेऊन प्रात्यक्षिक केलं. त्या शेवटपर्यंत मान हलवत होत्या आणि जाताना म्हणाल्या, "मी कोणाला बोलणार नाही." आठवड्याभरात वॉचमन माझ्यासाठी उठून उभा राहायला लागला, आणि तळमजल्यावरच्या एका बाईंनी आमच्या मुलाच्या, प्रांजलच्या पत्रिकेची चौकशी केली. प्रांजल अकरावीत आहे आणि केमिस्ट्रीत नापास झालेला आहे.

परेशभाऊ म्हणाले, हे असले गैरसमज कागदपत्र नसल्यामुळे होतात. आधी कायदेशीर परवानगी काढ. गाडीत बदल करायचा म्हणजे खात्याला कळवायला हवं. मलाही ते पटलं, कारण मी मूळचाच भित्रा आहे. म्हणून आम्ही दोघं एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव घेत नाही, गाडी अजून माझ्या नावावर आहे. तीन नंबरच्या खिडकीने पाचला पाठवलं, पाचने बाराला, बारा नंबरची खिडकी भिंतीवर नुसती रंगवलेली होती. शेवटी एक चष्मेवाले गृहस्थ भेटले. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, हेच मुळात मला नवीन होतं.

"रंग बदलला?"

"नाही."

"सीट वाढवली? सीएनजी बसवला?"

"नाही साहेब. मागच्या डिफरन्शियलच्या आत लॉकर बसवायचाय."

"बाहेरून दिसतो?"

"नाही."

"आवाज करतो?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "जे दिसत नाही, ज्याचं तुम्हालाही धड माहीत नाही, ते मला का दाखवताय?"

परेशभाऊ मध्ये पडले. "म्हणजे परवानगी आहे असं समजायचं का?"

"तुम्ही आलाच नाहीत असं समजा," ते म्हणाले आणि त्यांनी अर्जावर 'पाहिले' असा शिक्का मारून दिला. परेशभाऊंनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. आजही गाडीत आहे. त्याचा उपयोग काय हे दोघांनाही माहीत नाही.

तर ऑटोमॅटिक लॉकर बसला. किती पडले ते मी नमिताला सांगितलेलं नाही, म्हणून इथेही सांगत नाही. हर्षदने किल्ली देताना फक्त म्हटलं, "वळताना थोडा आवाज येईल. घाबरू नका."

मी घाबरलो नाही. बाकीचे घाबरले. या लॉकरचं असं आहे की वळण आलं की तो आतल्या आत दात सोडतो आणि पुन्हा पकडतो. कट्, कट्, कट्, आणि मग टण्. कुर्ल्याहून साकीनाक्याला पोचेपर्यंत चौदा जणांनी मला सांगितलं की तुमच्या गाडीचं मागे काहीतरी तुटलंय. मुंबईचा माणूस कोणाकडे बघत नाही असं म्हणतात. त्यांनी ऑटोमॅटिक लॉकर लावून फिरून बघावं. एक रिक्षावाला तर पुढे जाऊन रिक्षा आडवी लावून थांबला. एका बसच्या कंडक्टरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, "काका, घरी जाऊ नका, गॅरेजला जा," असं सांगितलं. मी म्हटलं, गॅरेजमधूनच येतोय. त्यावर सगळी बस हळहळली.

पुढच्या नाक्यावर हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काय तुटलंय?"

"काही तुटलेलं नाही साहेब. हा आवाज मुद्दाम बसवून घेतलाय."

"मुद्दाम?"

"हो. रेतीत होडी ओढायची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जीपकडे, मग साकीनाक्याच्या रहदारीकडे. शेवटी त्याने हाताने पुढे जा अशी खूण केली. पण त्या हातात जी करुणा होती, ती मला दंडापेक्षा जास्त लागली.

सोसायटीच्या आवारात शिरलो तेव्हा सगळे पायऱ्यांवर गप्पा मारत बसले होते. आमच्याकडे मधल्या गोल बागेला वळसा घालून गाडी लावावी लागते. मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. जीपची पुढची चाकं वळली, मागच्या दोघांनी एकमेकांना सोडलं नाही, आणि गाडी त्या वळणाच्या बाहेर सरळ चालू पडली. मी घाबरून अ‍ॅक्सिलेटर दाबला, जे करायचं नसतं. टायर किंचाळले, मागच्याच महिन्यात बसवलेले पेव्हर ब्लॉक फरशी उचकटावी तसे उचकटले, आणि जीप शर्मिष्ठाताईंच्या शेवंतीच्या कुंड्यांमध्ये जाऊन थांबली. शेवटी लॉकर सुटला तो टण् असा. इतका स्वच्छ आवाज झाला की तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून बघितलं.

रविवारी खास सभा बोलावली. ठराव असा झाला की श्री. सुबोध परब यांच्या वाहनाने सोसायटीच्या आवारात वळू नये. सूचक शर्मिष्ठाताई, अनुमोदक परेशभाऊ.

"परेशभाऊ, तुम्ही?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"अरे, मी अनुमोदन देणारच. कोणाचाही ठराव असो. सभा लवकर संपते."

मग नऊ दिवस मी गेटमधून रिव्हर्समध्ये सरळ रेषेत आत यायचो आणि सरळ रेषेत बाहेर जायचो. गाडीला जागा होती ती पाण्याच्या टाकीसमोर, म्हणून टँकर आला की वॉचमन मला लॅबमध्ये फोन करायचा. एकदा मी लंबकाचा प्रयोग चालू असताना पार्ल्याहून गाडी हलवायला आलो. नमिता हे सगळं बघत होती. दहाव्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "बाबांची होडी कधी ओढायची आहे?"

"एकतीसला. म्हणजे चोवीस दिवस आहेत."

"माणसं सात झालीत. आईचा फोन आला होता." ती खिडकीपाशी उभी होती. "होडीला गिऱ्हाईक बघायला आलं होतं. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. पण चहा पाजला, सुबोध."

मी दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून कुर्ल्याला गेलो.

हर्षदने सगळं ऐकून घेतलं. "विचारलंत ना कोणाला तरी?"

"हो."

"त्यांच्याकडे गाडी आहे?"

"नाही."

त्याने पाना उचलला. ऑटोमॅटिक काढला आणि हवेचा बसवायला घेतला. सहा दिवस लागले. कॉम्प्रेसर माझ्या सीटखाली बसला. डॅशबोर्डवर एक लाल बटण आलं. बटण दाबलं की सीटखालून घर्र्र असा आवाज यायचा आणि बसणाऱ्याला खालून हलकी कंपनं जाणवायची. बटण बंद, की गाडी एकदम साधी, सरळ, सभ्य. मी सोसायटीच्या गोल बागेला तीन वळसे घातले. शर्मिष्ठाताई नव्या कुंड्यांसमोर हात पसरून उभ्या होत्या, त्यांनी तिसऱ्या वळशाला हात खाली घेतले. ठराव रद्द झाला. अनुमोदक परेशभाऊ.

आणि तिथेच मी चूक केली. आनंदाच्या भरात परेशभाऊंना म्हटलं, चला, गोरेगावपर्यंत एक फेरी मारून येऊ.

परेशभाऊ पुढे बसले. बटणाकडे बघत राहिले. सिग्नल खात्यातला माणूस, लाल बटण समोर, तीस वर्षांची सवय. एस. व्ही. रोडला आम्ही डावीकडे वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "हे दाबलं की नेमकं काय होतं?" आणि दाबलं.

घर्र्र झालं. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. जीपने थोडा विचार केला आणि ती समोर गेली. मला गल्लीत जायचं होतं, आम्ही गेलो थेट समोरच्या पंपात. तिथे सीएनजीची रांग होती. जीप आपोआप त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आणि बघता बघता आमच्या मागे नऊ रिक्षा लागल्या. आता बाहेर पडायला जागा नाही. पुढे सतरा रिक्षा. आणि गाडी डिझेलची.

"आता काय?" परेशभाऊंनी विचारलं.

"आता रांगेत राहायचं."

"डिझेल गाडी घेऊन सीएनजीच्या रांगेत?"

"कोणाला कळत नाही. चेहरा शांत ठेवा."

पन्नास मिनिटांनी आमचा नंबर आला. पंपावरचा माणूस नळी घेऊन पुढे आला, गाडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. "साहेब, टाकी कुठाय?"

"आज नको," मी म्हटलं. "नुसते बघायला आलो होतो. तुमची व्यवस्था चांगली आहे."

परेशभाऊंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि त्याला तो 'पाहिले'चा शिक्का दाखवला. त्या माणसाने मागे होऊन आम्हाला सलाम केला. त्या कागदाचा एवढाच उपयोग आजवर झाला, आणि तोही का झाला ते कळलेलं नाही.

एकतीस मे उजाडला. सकाळी सातला आम्ही मढला पोचलो. मी, नमिता आणि परेशभाऊ. परेशभाऊंना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते वही घेऊन गाडीत येऊन बसले होते. भरतीचं पाणी वरपर्यंत आलं होतं. होडीखाली घालायचे गोल ओंडके रेतीत मांडून ठेवले होते. माणसं सात. सासू मथुरा कमरेवर हात ठेवून सावलीत उभी. सासऱ्यांनी कंबरेला पट्टा बांधला होता. त्यांनी जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"जावय, औंदा गारी नको. दोर धर."

"बाबा, या वेळी लॉकर लावलाय."

"काय लावलंय?"

"मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. एकाने दगा दिला तरी दुसरं ओढतं."

त्यांनी दोराशी उभ्या माणसांवर पुन्हा एकदा नजर फिरवली. शेवटी मान डोलावली. बहुतेक माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. सात माणसांत होडी येणार नाही हे त्यांचं मोजून झालं होतं.

दोर बांधला. किनाऱ्यावर आसपासच्या होड्यांचे लोक गोळा झाले. गेल्या सालची आठवण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती. मी गिअर टाकला, बटण दाबलं, सीटखालून घर्र्र झालं, आणि मी अ‍ॅक्सिलेटर दिला.

लॉकरने काम चोख केलं. दोन्ही चाकं एकदम, एका ताकदीने, एका वेगाने फिरली. आणि दोन्ही चाकांनी एकदम, एका वेगाने, खाली खड्डा खणला. गेल्या साली जीप डाव्या कुशीवर बसली होती. या साली ती अगदी सपाट, पाण्याची पातळी लावून बघावी इतकी सपाट, खाली गेली. अ‍ॅक्सल रेतीला टेकलं तेव्हा मी इंजिन बंद केलं. कोणी हसलं नाही. हसण्यापेक्षा वाईट ते हेच.

मी खाली उतरलो. माझ्या डोळ्यांपुढे हर्षद, हवालदार, पेव्हर ब्लॉक, सीएनजीचा माणूस असे सगळे येऊन गेले. सासऱ्यांनी कंबरेचा पट्टा आवळला आणि ते दोराकडे निघाले. म्हणजे हात लावायला. नमिता त्यांना अडवायला पुढे झाली, आणि मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. त्या क्षणी ती जीप मला कोणी फुकट मागितली असती तर मी पुसून दिली असती.

तेव्हा सावलीतून सासू म्हणाली, "आरं जावय, त्या चाकान्ची हवा कार ना जराशी."

मी वळून बघितलं.

"बर्फाचा टेम्पोवाला हवा कारूनच रेतीन उतरतं. रोज. त्याला कवा अरकताना बगितलाय?"

"आई, हे तुम्ही गेल्या साली का नाही सांगितलं?"

"तू इचारला कवा?" ती म्हणाली.

मी अख्ख्या उपनगराला विचारलं होतं.

परेशभाऊंनी ताबडतोब पेनाचं टोक व्हॉल्व्हमध्ये घातलं आणि मोठ्याने आकडे म्हणत हवा सोडली. टायर रेतीवर पसरले, उंटाचे पाय पसरतात तसे. माणसांनी फळ्यांनी चाकांपुढची रेती उकरली. मी गाडीत बसलो. सासरे काचेजवळ आले आणि म्हणाले, आधी तुजं बटन नको. मी बटण न दाबता अ‍ॅक्सिलेटर दिला. डावं चाक फिरलं, उजवं बघत बसलं. सासऱ्यांनी ते वाकून नीट बघितलं. मग म्हणाले, "आता दाब."

घर्र्र. अ‍ॅक्सिलेटर या वेळी हळू. जीप खड्ड्याच्या काठावर चढली, क्षणभर थांबल्यासारखी झाली, दोर ताठ झाला, मागे सात माणसांनी आरोळी दिली, आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याबाहेर आली. पहिला ओंडका, दुसरा, तिसरा. मी आरशात बघत होतो. होडी माझ्या मागे मागे येत होती, लग्नाच्या वरातीसारखी, आणि तिच्या बाजूने सासरे चालत होते, हात न लावता, कंबर सरळ ठेवून. त्यांना होडीच्या बाजूने असं रिकाम्या हाताने चालताना वाड्याने कधी बघितलं नसावं. बारा मिनिटांत होडी माडाखाली जागेवर बसली.

नमिता माझ्याजवळ येऊन काचेवर कोपर टेकून उभी राहिली. "निम्मं श्रेय हवेचं," मी नम्रपणे म्हटलं.

"पाऊण," ती म्हणाली, पण हसत होती. मग तिने बाबांकडे बघितलं आणि परत माझ्याकडे. "गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलं त्यांनी. आत्ता, फोनवर."

मी उतरून आळस देतोय तेवढ्यात कोणीतरी खांद्याला हात लावला. शेजारच्या होडीचा मालक, हातात दोराचं भेंडोळं. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे आणखी. मी पुढे वाकून बघितलं तर रांग सासऱ्यांच्या घराच्या ओट्यापर्यंत गेली होती. रांगेच्या तोंडाशी परेशभाऊ वही उघडून उभे, नावं लिहून घेत होते. "चौदा झाल्या," त्यांनी मला आनंदाने सांगितलं. "भरती ओसरायच्या आत तीन होतील, बाकीच्या उद्या-परवा. मी सगळ्यांना नंबर दिलेत."

"परेशभाऊ, मला उद्या कॉलेज आहे."

"मी तुझ्या प्रिन्सिपलना फोन केला. म्हटलं, कौटुंबिक अडचण आहे. ते म्हणाले किती दिवस, मी म्हटलं चौदा होड्या."

पहिल्या मालकाने दोराचं टोक माझ्या हातात द्यायला पुढे केलं. तेवढ्यात सासरे मधे आले. त्यांनी तो दोर त्याच्या हातातून घेतला आणि खाली रेतीत टाकला.

"माजा जावय हाय तो," ते म्हणाले. "टॅक्टर नाय. आधी त्याला जेवू द्या."

मथुराने ओट्यावर ताट वाढलं. कोलंबीचं कालवण, तळलेला बोंबील, तांदळाची भाकरी, भात. मी मांडी घालून बसलो. समोर चौदा माणसं खांद्यावर दोर टाकून उभी होती आणि माझ्या हाताकडे बघत होती. भरती ओसरायला लागली होती. आयुष्यात इतकी माणसं माझ्यासाठी कधी खोळंबली नव्हती.

मी आणखी थोडा भात मागितला.